तांबडी सुर्लाची तारीख

पुढची तारीख मागणे हा आम्हा वकिलांचा हातखंडा. कोर्टातली ही सवय घरातही कशी शिरते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ पाहायची इच्छा आईने प्रथम बोलून दाखवली, तेव्हा आमची मुलगी पाटीवर श्री गिरवीत होती. आज ती बारावीत आहे. मधल्या वर्षांत आम्ही सहकुटुंब काशीला जाऊन आलो. पण पणजीहून 60-65 किलोमीटरांवरचे हे देऊळ राहूनच गेले. लांबच्या गावासाठी माणूस रजा काढतो. जवळच्या ठिकाणी केव्हाही जाता येते, म्हणून तो जात नाही.

गेल्या जानेवारीत एका रविवारी अखेर निघालो. डब्यात भाजी-पाव, आईसाठी पेज. फोंडा मागे पडला, बोळकर्णे गेले आणि दोहों बाजूंनी रान जवळ आले. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, सुर्ला नदीच्या काठी ते इवलेसे काळ्या दगडाचे देऊळ उभे होते.

गोव्यात घर बांधायचे ते तांबड्या चिऱ्याचे. हा काळा पाषाण घाटावरून उतरवला असे सांगतात. कदंबांच्या काळातले, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातले हे काम. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पाडली गेली. हे रानात दूर राहिले म्हणून वाचले. ज्या दूरपणाने देवळाचे रक्षण केले, त्याच दूरपणाची सबब आम्ही आईला सांगत आलो होतो!

मंडपात मधोमध शिर नसलेला नंदी, त्याच्या भोवती चार खांब, वर छताला दगडात कोरलेले कमळ. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आई, वर पाहा." तिने मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग हळूच विचारले, "खंय रे?"

आईची नजर अधू होत चालली आहे, हे आम्हांला ठाऊक होते. डॉक्टरांकडे आम्हीच नेत होतो. तरीही त्या नजरेची आणि या देवळाची सांगड आमच्या मनाने कधी घातली नव्हती. आम्ही मुकाट उभे राहिलो. मुलगी पुढे झाली. तिने आजीचा हात धरला, तिला एका खांबापाशी नेऊन बसवले आणि तळाशी कोरलेल्या, घोड्याला तुडवणाऱ्या हत्तीवर तिची बोटे ठेवली. आई सोंड, मस्तक, पाय चाचपीत राहिली. "हत्ती!" ती लहान मुलीसारखी हसली. मग नातीने तिला छतावरचे कमळ पाकळी-पाकळीने सांगितले.

परतताना मोटारीत आई म्हणाली, "बरें दिसलें." त्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. असता, तर आम्हांला प्रतिवादी म्हणून काही बोलता तरी आले असते.

मुदत टळलेले अपील दाखल करताना उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज द्यावा लागतो, आणि त्यात दिवसागणिक कारण द्यावे लागते. आमच्या तेरा वर्षांतल्या एकाही दिवसाचे कारण आमच्यापाशी नव्हते.

आईने आता चांदरचे नाव काढले आहे. कदंबांची ती जुनी राजधानी. येत्या रविवारी निघतो आहोत.