जोडविमान चुकले तेव्हा

कन्येचे दिवस भरत आल्याने सांगलीतील एक हळद-व्यापारी दांपत्य डिसेंबरात शिकागोस निघाले. मुंबईचे विमान उशिरा सुटले. फ्रँकफर्टला पोहोचेपर्यंत पुढचे विमान निघून गेले होते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्याने दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. दोन स्वतंत्र तिकिटे कदाचित स्वस्त पडली असती. परंतु मग चुकलेल्या विमानाचे पैसे बुडाले असते.

अमेरिकेचा व्हिसा होता, शेंगेन व्हिसा नव्हता. त्यामुळे विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाणे शक्य नव्हते. रात्र विमानतळावरील बाकावरच काढावी लागणार होती. दोघांचाही रात्रिभोजनाचा त्याग. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. डिसेंबरात तेथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. लाडवांचा डबा मोठ्या सामानात अडकला होता. मात्र हातपिशवीत चार दशम्या आणि खारीक-बदाम होते. चार वाजता तेवढ्यावर भागवून, पाणी पिऊन त्यांनी णमोकार मंत्र म्हटला. नियम अभंग राहिला.

विमान बदलले की आसनाबरोबर जैन भोजनाची नोंदही आपोआप पुढे जाईलच असे नाही; ती खिडकीवर पुन्हा सांगून करून घ्यावी. सुरक्षा-तपासणीतून शंभर मिलिलिटरहून मोठी भरलेली बाटली सहसा नेता येत नाही. म्हणून रिकामी न्यावी आणि आत भरावी. चोख व्यापारी अडीअडचणीसाठी गंगाजळी राखतो. परदेशी निघताना एका दिवसाचा कोरडा शिधा हाताशी ठेवणे, हीही तशीच गंगाजळी होय.