दाराबाहेरचा थोरला

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आजींच्या ओसरीवर चपलांची रांग लागते. एक जोडी शेताच्या मातीनं भरलेली, एक सिमेंटनं पांढरी पडलेली, शाळेतल्या बाईंचे सँडल, कुणा लेकराच्या उलट्यासुलट्या पडलेल्या स्लिपर. आज कोण कोण आलंय हे चपलांवरूनच कळतं. आत सतरंजी अंथरलेली असते, पेटी कोपऱ्यातून पुढं आलेली असते आणि येणारा प्रत्येक जण दारातच 'सलाम' म्हणतो. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांतलं हे जुनं अभिवादन. एक गाणं होतं, प्रार्थना होते, आणि मग आजी पदरानं चष्मा पुसत विचारतात, "आज कोणता दाखला?"

वर्ष झालं, आम्ही येशूचे दाखले वाचतो आहोत. आठवड्याला एक, असं ठरलं होतं. पण पेरणाऱ्याला तीन गुरुवार लागले, आणि उधळ्या पुत्राला दोन महिने.

मराठीनं या गोष्टींना दिलेलं नाव मला फार जवळचं आहे. मी तहसील कचेरीत कारकून होतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, हे लिहिण्यात माझी ३० वर्षं गेली. खिडकीपलीकडची माणसं तासन्‌तास उभी राहायची. आपण कोण, कुठले, हे दुसऱ्या कुणीतरी कागदावर लिहून दिल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढं पडत नसे. येशूचे दाखलेही माणसाला तो कोण आहे हेच सांगतात. फक्त नाव लिहायची जागा कोरी असते, आणि ती ज्याची त्यानं भरायची असते.

या गोष्टी मराठीत येऊन दोनशे वर्षं उलटली. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम केरीनं मराठी नवा करार १८११ साली छापला. पुढं पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. आपल्या हयातीत न दिसलेल्या पिकासाठी त्या बाईनं किती वर्षं पेरणी केली, हा विचार मनात आला की मला पेरणाऱ्याचा दाखला वेगळाच ऐकू येतो.

त्या दाखल्यावर पहिली हरकत घेतली ती आमच्यातल्या शेतकरी काकांनी. पेरणारा पेरायला निघतो, काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. काका म्हणाले, "हा असा कसा पेरणारा? आमची आई चाड्यावर मूठ धरायची. तिफणीच्या मागं चालताना तिच्या मुठीतून दाणा असा सुटायचा, की एक कमी नाही, एक जास्त नाही. वाटेवर बी गेलं असतं तर बानं तिफण तिथंच थांबवली असती."

मग आम्ही गालीलातलं शेत समजून घेतलं. तिथंही जमिनीत आमच्यासारखाच काळा पाषाण. कफर्णहूमची जुनी घरं त्याच दगडाची आहेत. कुठं मातीचा थर इतका पातळ, की खालचा खडक वरून दिसतच नाही. शेतातून लोकांच्या जाण्यायेण्याची वाट पडलेली. पेरणारा काखेला झोळी लावून मूठ मूठ बी फोकत चालायचा. फोकलेलं बी कुठं जाईल ते त्याच्या हातात नसायचं. म्हणून ते वाटेवरही पडायचं आणि काट्यांतही.

काका दोन आठवडे गप्प होते. तिसऱ्या गुरुवारी म्हणाले, "आपण माणसं चाड्यानं पेरतो. जिथं उगवेल तिथंच शब्द टाकतो. माझा मोठा पोरगा दारू पितो, तर मी त्याच्याशी बोलायचंच सोडलं. म्हटलं, खडकावर बी कशाला? देव मात्र फोकून पेरतोय." त्या रात्री पुन्हा पेटी कुणी उघडली नाही. तीसपट, साठपट, शंभरपट पिकाचा हिशेब त्या गोष्टीच्या शेवटी आहे, पण आम्हाला त्या वाया गेलेल्या मुठीनंच धरून ठेवलं.

दृष्टांताची ही रीत आपल्या मातीला नवी नाही. नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं. शके १२१२ मध्ये तिथं ज्ञानदेवांनी गीता सांगितली ती उपमा-दृष्टांतांच्या ओंजळी भरभरून. त्याच शतकात चक्रधरस्वामी लोकांना छोट्या छोट्या गोष्टी सांगत फिरत होते. केसोबासांनी त्या 'दृष्टांतपाठा'त गोळा केल्या, ११४ दृष्टांत. त्यांची मांडणी मोठी नेटकी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लागू पडते त्याचा उलगडा. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. गुरूनं गोष्ट सांगावी आणि शिष्यानं तिचं टोक जमिनीला टेकवावं.

येशूनं पेरणाऱ्याचा अर्थ शिष्यांना सांगितला, गव्हातल्या निदणाचाही सांगितला. पण बहुतेक दाखले त्यानं तसेच सोडून दिले. दार्ष्टांतिकाची जागा रिकामी राहिली. मला वाटतं, आमचा गुरुवार त्या रिकाम्या जागेतच बसतो. आणि एकट्यानं वाचून ती जागा भरत नाही, हे मला उशिरा कळलं. कारण गोष्टीत मी एकाच जागी उभा असतो. बाकीच्या जागा दाखवायला बाकीची माणसं लागतात.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं तसंच झालं. मालक पहाटे मजूर ठरवतो, एक दिनार रोजानं. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचच्या सुमाराला आणखी माणसं नेतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. शाळेतल्या बाई आणि मी एका सुरात म्हणालो, की पहाटेपासून उन्हात राबलेल्यांवर हा अन्याय आहे. आमच्यातले गवंडीकाम करणारे भाऊ मान खाली घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "तुम्ही कधी मजूर अड्ड्यावर उभे राहिलाय का? सकाळी सातला धडधाकट पोरं जातात. मग उरतात ती म्हातारी, लंगडी, आजारातून उठलेली. दुपारी डबा उघडायची पण लाज वाटते. काम नाही, तर खायचं कशाचं? पाच वाजेपर्यंत तिथं उभं राहणं हे कामापेक्षा जड असतं, पण त्याची हजेरी कोण लावतो?" मग थोडं थांबून म्हणाले, "अर्धा दिनार घेऊन घरी गेलं म्हणून घरातली तोंडं अर्धी होत नाहीत."

दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, एका कुटुंबाच्या एका दिवसाची भाकर. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण मालकानं तासांचा हिशेब न करता भुकेचा केला, हे मला अड्ड्यावर उभ्या राहिलेल्या माणसानं वाचून दाखवलं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आजींचा. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारा तो रस्ता तीसेक किलोमीटरांच्या आत हजार मीटरहून अधिक खाली येतो. उजाड डोंगर, वळणं, लपायला कपारी. लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसापाशी याजक थांबत नाही, लेवीही थांबत नाही. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक खाण्यापिण्याचा संबंध ठेवत नसत. आम्ही सगळे मदत करण्याविषयी बोलत राहिलो. आजी म्हणाल्या, "मला लहानपणी गावात वरून ओंजळीत पाणी घालायचे. भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. म्हणून मला त्या पडलेल्या माणसाचं नवल वाटतं. ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याचाच हात त्याला जखमेवर घ्यावा लागला. त्याच्याच जनावरावर बसावं लागलं. देणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. घेणाऱ्याला किती खाली उतरावं लागलं, ते बघा."

रस्ता खरंच खाली उतरतो. मी तो हजार मीटरांचा आकडा कित्येकदा वाचला होता.

आणि मग उधळ्या पुत्राचे दोन महिने. या गोष्टीत धाकटा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखतो, आणि परत येतो. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. सगळ्यांचे डोळे तिथं भरून येतात. माझे कधी आले नाहीत. कारण मी थोरला आहे. आमच्या धाकट्यानं वाट्याची जमीन विकली, शहरात धंदा काढला, बुडाला आणि रिकाम्या हातानं गावी परतला. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं मी सहा वर्षं केलं होतं. शेवटच्या महिन्यात त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि राहतं घर त्याच्या नावावर केलं. वडील गेले त्याला ११ वर्षं झाली. तेव्हापासून भावाच्या दारात मी पाऊल टाकलं नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी एका गुरुवारी सहज बोट ठेवलं. थोरला बापाशी भांडताना धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. आणि बाप उत्तर देताना ते नातं पुन्हा जागेवर ठेवतो, त्याला थोरल्याचा भाऊ म्हणतो. बाई पुढच्या ओळीकडं वळल्या. मी तिथंच राहिलो. घरात मुलांशी बोलताना ११ वर्षं मी 'तुमचे काका' म्हणत आलो होतो. 'माझा भाऊ' हे दोन शब्द माझ्या तोंडून गेलेच नव्हते.

ही गोष्ट दाराबाहेरच संपते. आत गाणंबजावणं चाललंय, बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत काढतोय, आणि गोष्ट थांबते. थोरला आत गेला का, ते सांगितलेलं नाही. आजींनी एकेकाला विचारलं, काय केलं असेल त्यानं? माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "ठाऊक नाही." आजींनी पुढं विचारलं नाही. त्यांनी नुसता माझ्याकडं पाहून चष्मा काढला.

पुतणीच्या साखरपुड्याची पत्रिका महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात होती. साखरपुड्याच्या दिवशी शेवटच्या एसटीनं मी गावी उतरलो. रात्र झाली होती. घराच्या अंगणात निंबाखाली उभा राहिलो. आत पेटी चालली होती, टाळ वाजत होते, बाया हसत होत्या. भावाचा आवाज मला गाण्यातूनही ओळखू आला. तो वडिलांसारखाच वरच्या पट्टीत गातो, हे मी विसरलो होतो. बाहेर येऊन समजूत घालायला वडील नव्हते. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

भावजय तांब्या घेऊन ओसरीवर आली. अंधारात कुणीतरी दिसलं म्हणून थबकली, आणि मग तिनं ओळखलं. "दादा, अंधारात का उभे? या ना आत."

ओसरीवर खूप चपला होत्या. त्यांतून जागा करून मी माझ्या काढल्या.