राणीच्या बागेतली झाडं

नांदेड-लातूरकडची मंडळी मुंबईला जातात ती दवाखान्याच्या, कोर्टाच्या नाहीतर लग्नाच्या कामानं. काम उरकल्यावर हाताशी एखादा दिवस उरलाच, तर समुद्र पाहून झाल्यावर भायखळ्याला जा. मध्य रेल्वेच्या लोकलनं भायखळा स्टेशनला उतरून पूर्वेला थोडं चाललं की राणीची बाग येते. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी मात्र बाग बंद असते, तेवढं ध्यानात ठेवा.

पोरं आधी वाघ आणि पेंग्विन बघायला धावतील, धावू द्या. पण शेतकऱ्यानं बघायची ती तिथली झाडं. ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली. देशोदेशीची झाडं आपल्या हवेत जगतात का, हे लावून बघायचं, हा अशा बागांचा एक उद्देश असे. म्हणजे एका परीनं ते प्रयोगाचं शेतच म्हणा ना!

उर्वशीचं झाड शोधा. ते मूळचं ब्रह्मदेशातलं. फुलं येतात तेव्हा लाल-पिवळे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. आपल्या उंबराला जशी खोडावरच फळं लगडतात, तशी याला खोडावरच फुलं येतात, आणि फुलाच्या आत नागाच्या फण्याखाली पिंड असावी असा आकार दिसतो. फळं तोफगोळ्यासारखी जड असतात, म्हणून त्याच्याखाली पोरांना बसवू नका. सीता अशोकही पाहून घ्या. शाळेच्या कुंपणाला सरळ उंच वाढणारं जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, तो खरा आसुपालव. केशरी फुलांच्या गुच्छांचा अशोक हा वेगळाच.

मग गोरखचिंचेपाशी थोडा वेळ थांबा. हे झाड आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. पावसाळ्यात बुंध्यात पाणी साठवायचं, पानं गाळून उन्हाळा काढायचा, ही त्याची रीत. पान हाताच्या पंजासारखं, फळातला गर आंबट. आपल्याला हे झाड अगदीच परकं नाही. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात प्रचंड घेराची जुनी गोरखचिंच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पोटात पाणी राखणारं हे झाड बघून काही विचार सुचल्याशिवाय राहणार नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. उर्वशी बघून कुणालाही वाटेल की एक रोप घरी न्यावं. मोह आवरा. मुंबईला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा बारमाही दमट. लातूरचा पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि एप्रिल-मेची आपली झळ तर तुम्ही जाणताच. तिथलं लाडावलेलं झाड इथं होरपळेल.

परकं झाड वाईटच असतं, असंही नाही. मिरची, भुईमूग आणि बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळ ही सारी मूळची अमेरिकेकडची, सोयाबीन चीनकडचं. आज यांच्याशिवाय आपलं घर आणि शेत चालत नाही. आणि गाजरगवतही अमेरिकेतूनच आलं! त्यानं बांध आणि पडीक रानं कशी व्यापली, ते आपण रोज बघतो. म्हणून बाहेरचं बी-रोप आणण्याआधी माती, पाणी आणि हवा यांचा मेळ बसतो का, हे कृषी सहायकाला नाहीतर जाणत्या माणसाला जरूर विचारावं.

बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पोरांना दाखवा. हा घारापुरीचा. त्याचे तुकडे झाले होते, ते 1914 साली पुन्हा जोडले.

जाता जाता आणखी एक सांगतो. 2007 च्या सुमारास या बागेत प्राणिसंग्रहालय नव्यानं उभारायचा मोठा आराखडा निघाला. त्यात जुनी झाडं जातील या काळजीनं काही मुंबईकर बायका एकत्र आल्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, अर्ज-विनंत्या केल्या, लोकांना जागं केलं. सिमेंटच्या शहरात बायका झाडासाठी उभ्या राहतात, आणि आपण बांधावरची चिंच, कडुनिंब सरपणाच्या भावानं देऊन टाकतो. आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच उरलं आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा वहीत झाडांची नावं जरूर लिहून आणा. परत आल्यावर पोरांना घेऊन आपल्या शिवारातली जुनी झाडं मोजा. गावात वड किती, चिंचा किती, ती कुणाच्या आजोबांनी लावली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. आणि येत्या मृगात बांधावर दोन रोपं लावा, आपल्या मातीतली.