बरोबर उत्तराला उणे पाव

भाचीच्या सराव पेपरातला तो एक प्रश्न आठवला की अजून डोकं तापतं. ती क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होती, पुण्यात क्लास होता. मावशी वकील, म्हणून अडलेलं माझ्याकडे यायचं.

उतारा इंग्रजीत होता. मुद्दा असा : ठिबकमुळे पाणी वाचतं, म्हणून उसाचं क्षेत्र वाढवायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. पण वाचलेलं पाणी नव्या उसालाच जातं, त्यामुळे भूजलाचा उपसा कमी होत नाही. तेव्हा ठिबकसोबत क्षेत्रावर मर्यादा हवीच. 'क्षेत्र वाढवायला हरकत नाही' या विधानाची भूमिका काय? भाचीचं उत्तर : लेखक खोडून काढतो ते मत. उत्तरतालिकेत : मुख्य निष्कर्ष. गुण मिळाला नाहीच, वर पाव कापला.

तिनं विचारलं तर सर म्हणाले, "देअरफोरच्या पुढे येतो तो निष्कर्ष. फाटे फोडू नकोस." अहो, निष्कर्ष खराच, पण कोणाचा? ठिबकमुळे पाणी वाचतं, हे लेखकाला मान्यच आहे. त्यावरून इतरांनी काढलेला निष्कर्ष तेवढा त्याला मान्य नाही. उपसा कमी होत नाही, हा मधला निष्कर्ष : त्याला मागच्या वाक्याचा आधार, आणि पुढच्याला त्याचा. मर्यादेचं वाक्य मुख्य. एवढं सगळं पोरीनं समासात पेन्सिलीनं मांडलं होतं. सरांनी ते वाचलंसुद्धा नाही.

म्हणणं कोणाचं, यातल्या गल्लतीची कोर्टात किंमत मोजावी लागते. निकालपत्रात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं येतं, मग न्यायालयाचं मत. घाईत वाचणारे वकील पक्षकाराचं म्हणणंच न्यायालयाचं मत म्हणून वाचून दाखवतात आणि तोंडघशी पडतात.

तरी १२० मिनिटांत १२० प्रश्न म्हटल्यावर क्लासवाले खुणेचे शब्द घोटून घेणारच. त्यांच्या जागी कदाचित मीही तेच केलं असतं. फक्त एवढं करा : दोन वाक्यांमध्ये 'कारण' घालून कोण कोणाला आधार देतंय ते पाहा, आणि हे म्हणणं कोणाचं, ते विचारा.

उत्तरतालिका म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा मुलांनो, कारण देता येत असेल तर गप्प बसू नका. सरांना पुन्हा विचारा.