गुरूवरचा गोबर गॅस

परवा रात्री पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे इथे तारे मोजकेच दिसतात, पण गुरूला त्याचं काही नाही! अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी उगाच शहाणपणा केला, "अण्णा, तिथे मिथेन आहे. आपल्या गावाकडच्या गोबर गॅसमधलाच."

"तिथं जाऊन हुंगून कोण आलं?" इति अण्णा.

प्रश्न रास्त होता. मग सांगत बसलो. मिथेनच्या रेणूत एका कार्बनला चार हायड्रोजन चिकटलेले. ते ठरावीक तालातच थरथरतात, आणि त्या तालाचा प्रकाश आला की तेवढाच गिळतात. प्रकाशाचे रंग सुटे करून पाहिले की तिथे काळ्या खाचा दिसतात. गुरूच्या प्रकाशातल्या अशा खाचा मिथेन आणि अमोनियाच्या आहेत, हे रूपर्ट विल्ट यांनी १९३२च्या सुमारास ओळखलं.

पुढची गोष्ट आपल्या कुरुंदवाडात जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींची. १९९५ मध्ये त्यांच्या चमूने पालोमार वेधशाळेतून ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळ एक अंधुक ठिपका शोधला. तो तारा का नव्हे? तर त्याच्या अवरक्त प्रकाशात मिथेनच्या खाचा होत्या! ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही, तिथला कार्बन ऑक्सिजनला धरून बसतो. हा ठिपका हजार अंशांच्या आतबाहेर, म्हणजे तपकिरी बटू. ना धड तारा, ना ग्रह. गंमत म्हणजे वजनाच्या मानाने तो फारच मंद निघाला, आणि २०२४ मध्ये कळलं की ते दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या रिपोर्टसारखंच."

मला एकदम काही बोलता येईना. त्यांना काचबिंदू आहे. गेल्या महिन्यात नजरेची तपासणी झाली, त्या कागदावर जिथलं दिसत नाही तिथे काळे डाग छापून आले होते. तो कागद मी घाईघाईने फाइलमध्ये सरकवला होता. त्यांनी पाहिला नसेल असं मी धरून चाललो होतो... दुर्बीण काढायची घाईही त्यासाठीच होती, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

ते उठले, डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"दिसला का?"

"नजर जरा बाजूला घेतली की दिसतो," म्हणाले. "ते चार ठिपके कोणते रे?"