नाकतोडा पुन्हा धावला

मुलांनो, नाकतोडा तुम्ही पाहिला असेलच. पावसाळ्यात गवतात पाय टाकला की टुणकन उडतो तो! आज मी ज्या नाकतोड्याची गोष्ट सांगणार आहे, तो मात्र गवत खात नाही. त्याला चार चाकं आहेत, मागे मोटर आहे आणि वयानं तो माझ्यापेक्षाही मोठा आहे.

ही आहे रेडिओवर चालणारी शर्यतीची गाडी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९८४ साली ती बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं 'ग्रासहॉपर', म्हणजेच नाकतोडा. माप एक दशांश. 'हे तर खेळणं!' असं म्हणून नाक मुरडू नका हं. १९८५ साली अमेरिकेत डेल मार या गावी याच मापाच्या, मातीत पळणाऱ्या गाड्यांची जागतिक स्पर्धा भरली होती.

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. जपानहून येताना त्यांनी ही गाडी आणली. आणली म्हणजे काय, सुट्ट्या भागांचा खोकाच आणला. जोडायची आपली आपण! पिंपळगावच्या अंगणात ती धूळ उडवत पळायची, ते मी लहानपणी पाहिलं आहे. पुढे मामा गेले आणि गाडी माळ्यावर गेली.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना खोका खाली आला. मामेभाऊ म्हणाला, "ताई, देऊन टाकू भंगारात. चाळीस वर्षांची गाडी, आता काय चालणार?" मामी काही बोलल्या नाहीत. मी निघाले तेव्हा मात्र त्यांनी खोका माझ्या पिशवीत घातला. म्हणाल्या, "चालली तर बघ. नाहीच चालली, तर तूच दे भंगारात. मला नाही जमायचं ते."

आता सांगा, गाडी चालायलाच हवी होती की नाही?

निफाडला घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे स्वयंपाकघरातलं इडलीपात्र ताब्यात घेतलं! एकेका भागाचे स्क्रू एकेका वाटीत. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. उघडणं सोपं असतं, पण उघडलेलं पुन्हा तसंच जोडता आलं पाहिजे ना! आपल्याच तालुक्यात ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तिथं सुखोई विमानंसुद्धा अशीच पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जोडतात. माझं विमान तेवढं छोटं होतं.

हातातल्या रेडिओसंचात आठ पेन्सिल सेल गळून त्यांची पांढरी बुरशी झाली होती. अल्कलाइन सेलमधला द्रव आम्लाच्या उलट गुणाचा असतो. म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं, की ती बुरशी फसफसून निघते. वेग कमी-जास्त करणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या कशानं घासल्या असतील? आपल्या खोडरबरानं! गिअरमधलं ग्रीस वाळून कडक गुळासारखं झालेलं. ते पुसून काढलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं साबणपाण्यात सगळे दाते धुतले.

त्या गिअरमध्ये 'डिफरन्शियल' नावाची एक चतुर जोडणी असते. कवायतीत चौघे एका ओळीत हात धरून वळता, तेव्हा आतला जागच्या जागी पाय मारतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं. बरोबर? गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. मोटर तर एकच. मग दोन चाकांना वेगवेगळा वेग कसा द्यायचा? ते काम डिफरन्शियल करतं. शेतातल्या ट्रॅक्टरलाही ते असतं.

टायर वाळून तडकले होते. पण कंपनीने २००५ साली हीच गाडी पुन्हा काढली, त्यामुळे तसेच नवे टायर मिळाले. जुनी बॅटरी संपलेली. तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो. म्हणून ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. नवी बॅटरी सहा सेलची. एक सेल १.२ व्होल्टचा. करा गुणाकार! ७.२ व्होल्ट.

सगळं जोडलं. कळ दाबली. मोटर गरगरली! पण पुढची चाकं? ती थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. डावीकडे वळवावं तर उजवीकडे झटका. मोटरची वायर काढली की चाकं शहाण्यासारखी वळत. वायर लावली की पुन्हा थरथर. म्हणजे चाकं वळवणारं यंत्र ठीक होतं. मग बिघाड कुठं? आठवडा गेला. मामींचा फोन आला, "काय म्हणते गं गाडी?" मी म्हटलं, "विचार करतेय."

शेवटी गाडी वर्गात नेली. मुलांनी घोळका केला. मी मोटर फिरवून दाखवली. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी फारसं न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, मोटरसायकल जवळून गेली का आमच्या आजोबांचा रेडिओबी आसाच खरखरतो."

वा रे पठ्ठ्या! दुसऱ्या दिवशी तो आजोबांचा रेडिओ घेऊन आला. आम्ही तो मीडियम वेव्हवर लावला आणि गाडीची मोटर फिरवली. खर्रर्र! मोटर थांबवली. शांत. पुन्हा फिरवली. खर्रर्र!

याचं कारण मोठं गमतीचं आहे. मोटरच्या आत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्याला टेकलेले असतात. तिथं बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. १८८७ साली जर्मनीत हाइन्रिश हर्ट्झ यांनी ठिणग्या पाडूनच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्ला यांनी छोटी बोट दुरून चालवली. या नाकतोड्याची ती पणजीच म्हणा ना! ज्या ठिणगीमुळे ही विद्या जन्मली, तीच ठिणगी आता माझ्या गाडीच्या कानात ओरडत होती. हातातल्या संचाचा हुकूम तिला ऐकूच येत नव्हता.

हा गोंगाट दाबायला मोटरवर इवलेसे कपॅसिटर बसवलेले असतात. भिंगातून पाहिलं, तर तिघांपैकी एकाचा पाय सुटलेला! चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडून डाग देऊन घेतला. रेडिओची खरखर पार मंदावली आणि चाकं स्थिर झाली. चाळीस वर्षांच्या गाडीचा आजार तांदळाच्या दाण्याएवढा होता.

एक गंमत राहिलीच. या जुन्या संचाची रेडिओलहर साधारण ११ मीटर लांब असते, म्हणून त्याला ती ओढून काढायची लांबलचक अँटेना. हल्लीच्या नव्या गाड्यांची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मावेल एवढी. त्यांची अँटेना बोटभरच पुरते.

जानेवारीतल्या एका सकाळी शाळेच्या मैदानावर गाडी उतरवली. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ती मी स्वेटरच्या खिशात ऊबेला ठेवली होती. मामी पिंपळगावहून आल्या होत्या. गाडी सुटली आणि धुळीचा लोट उडाला. मुलं ओरडत मागे धावली. मी संच मामींपुढे धरला, तर त्या मागे सरकल्या. "अगं, त्यांनी मला कधी हातच लावू दिला नाही त्याला!" मग पदर खोचला, संच घेतला आणि दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत गाडी थेट लिंबाच्या झाडावर! मामी इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. पुढचा नंबर अर्थातच रेडिओवाल्या मुलाचा.

मुलांनो, तुमच्याही घरी एखादी बंद पडलेली वस्तू असेल. बिघाड कधी मुका नसतो. खरखर, थरथर, वास, डाग अशा खुणांनी तो आपला पत्ता सांगत असतो. एकेक भाग वेगळा करून पाहिलं, की तो सापडतो. घरच्या विजेवर चालणारं काही उघडू नका, फुगलेल्या बॅटरीला हात लावू नका आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या. पालकांनो, 'टाकून द्या' म्हणण्याआधी एक रविवार आणि एक स्क्रू-ड्रायव्हर मुलांना द्या. आणि हो, इडलीपात्र मात्र आईला विचारूनच घ्या बरं का!