दस्तरखानावर शेवटी बसणारी

‘तुम्ही लोक तर मटण खाता, मग तुमच्या बायकांच्या अंगात रक्त कमी कसे?’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, एकदा तर एसटीतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण घरात मटण शिजले म्हणजे ते प्रत्येकाच्या ताटात पोचले, असे त्याने गृहीत धरलेले असते.

मी अकोल्यात उर्दू आणि मराठी शिकवते. बैदपुऱ्यापासून अकोट फैलपर्यंत माझ्या विद्यार्थिनींची घरे आहेत. हातावर पोट असलेल्या घरात आठवड्यातून एकदा अर्धा किलो गोश्त येते आणि खाणारी तोंडे आठ. आधी पुरुष, मग मुले, मग सासू. सुनेच्या वाट्याला शोरबा आणि बटाटा. यात कुणी मुद्दाम जुलूम करते असे नाही. ‘औरतों का क्या है, कुछ भी खा लेते,’ हे वाक्य बायकाच बोलतात आणि हसत बोलतात.

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तिला रक्तक्षय आहे असे डॉक्टर म्हणतात. ७ च्या खाली गेले की तो गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवती या ११ च्या रेषेखाली होत्या. म्हणजे हे दुखणे कुठल्या एका जमातीचे नाही. शेवटी जेवणारी बाई सगळ्यांच्याच घरात आहे.

परिणाम मात्र दोन जिवांवर होतो. बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून लोह घेऊन साठवते आणि जन्मानंतर सहाएक महिने त्यावरच काढते. आईकडेच नसेल तर ते कुठून घेणार? अशा बाळंतपणात मूल दिवसांआधी होण्याची, अडीच किलोपेक्षा कमी भरण्याची भीती वाढते. आणि प्रसूतीत रक्तस्राव झाला, तर निरोगी बाई जेवढे सोसते तेवढे हिला सोसत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सातव्या महिन्यात तपासणीला गेली तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. रक्त चढवावे लागले. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचे झाले आणि कित्येक दिवस काचेच्या पेटीत राहिले. सरकारी गोळ्यांची पाकिटे घरी कपाटात तशीच होती. गोळीने शौच काळी होते म्हणून ती घाबरली होती. ‘बच्चा काला होता’ असे शेजारणीने सांगितले होते. शौच काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंधच नाही.

त्या गोळीचा इतिहास आपल्या मुलींना माहीत असायला हवा. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय का होतो, याचा तिला शोध घ्यायचा होता. तिने बायकांच्या ताटाकडे पाहिले. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वांत जास्त आजार गरीब मुस्लिम बायकांमध्ये आढळला. यीस्टचा साधा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या, आणि १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. आज गर्भवतीला मिळणाऱ्या गोळीत लोहासोबत तेच असते. जगभरच्या आयांना मिळालेल्या या औषधाची सुरुवात मुंबईच्या गरीब बायकांच्या, आपल्याच आज्या-पणज्यांच्या, उपाशी ताटापासून झाली. गोळी आपल्या दारात पोचली, ताट मात्र फारसे बदलले नाही.

बदलायला फार पैसा लागतो असेही नाही. अंबाडी, पालक, शेवग्याचा पाला, तुरीचे वरण, शेंगदाणे-गूळ आपल्या वऱ्हाडात मिळतेच. वर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. चहा तासाभराने घ्यावा. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. सासूने स्वतः सुनेला घेऊन जावे.

रमजानचेही बोलायला हवे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर रोजा सोडण्याची सवलत दीनने दिली आहे. कजा नंतर करता येते. तरीही ‘लोग क्या कहेंगे’ म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात अशक्त मुली रोजे धरतात. अल्लाहने दिलेली सवलत मोहल्ल्याने काढून घेऊ नये. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी हे एकदा सांगितले, तर आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

पण लग्न झाल्यावर, दिवस गेल्यावर जागे होणे म्हणजे उशीरच. शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती याचसाठी. ती रिकाम्या पोटी देऊ नका, पण टाळूही नका. आणि आज रात्री दस्तरखान अंथराल तेव्हा वाढायला उभ्या असलेल्या मुलीला आणि सुनेलाही सोबत बसवा. बोटी मोजून वाटायची असेल, तर मोजणीत त्यांनाही धरा.